आकडा वहीत उतरतो तेव्हा: चल आणि मापन

प्रश्न थोडक्यात असा. गृहविज्ञानात एमएस्सी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा विषय आहे ‘आईचं शिक्षण आणि 6 ते 59 महिने वयाच्या मुलांचं पोषण’. 12 अंगणवाड्यांतल्या 240 मुलांची माहिती गोळा झाली आहे. वजन, उंची, दंडघेर, आईचं शिक्षण, घरची परिस्थिती, बाळाने काल काय काय खाल्लं, हे सगळं एक्सेलमध्ये भरलेलं आहे. आता मार्गदर्शक विचारतात, ‘तुझे चल कोणते, आणि ते कोणत्या श्रेणीवर मोजलेस?’ मापनाच्या चार श्रेण्यांच्या व्याख्या तिला पाठ आहेत, पण आपला कुठला रकाना कुठल्या श्रेणीत बसतो हे ठरवता येत नाही. आणि मग संख्याशास्त्रीय टेस्ट कोणती लावायची?

गेली वीसेक वर्षं मी पोषणाच्या सर्वेक्षणांत काम करते आहे. टेस्टचं उत्तर शेवटी देते, आणि ते छोटंच असेल. तुमचा चल कोणत्या श्रेणीवर आहे हे एक्सेलमध्ये बसून ठरत नाही. अंगणवाडीत ज्या क्षणी मापन झालं आणि आकडा वहीत उतरला, त्या क्षणी ते ठरून गेलेलं असतं. म्हणून तुमच्या फाइलपासून सुरुवात न करता त्या क्षणापासून करू.

चल (व्हेरिएबल) म्हणजे तुमच्या अभ्यासात एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे जाताना बदलणारी गोष्ट. हे साधं वाटतं, पण इथेच पहिली गफलत होते. तुमच्या बाराही अंगणवाड्या एकाच आदिवासी पट्ट्यातल्या असतील, तर ‘आदिवासी असणं’ हा तुमच्या अभ्यासात चल नाही, ती स्थिर बाब आहे. तिचा परिणाम तुम्हाला तपासता येणार नाही, कितीही इच्छा असली तरी. आईचं शिक्षण हा तुमचा स्वाश्रयी चल, म्हणजे ज्याचा परिणाम तपासायचा तो (काही पुस्तकं त्याला स्वतंत्र चल म्हणतात), आणि मुलाचं पोषण हा आश्रयी चल, म्हणजे ज्याच्यावर परिणाम होतो तो. हे तुम्ही आराखड्यात लिहिलंही असेल. पण ‘पोषण’ काट्यावर ठेवता येत नाही. काट्यावर मूल ठेवता येतं. पोषण ही कल्पना आहे, आणि तिच्यापासून आकड्यापर्यंत पोचायला मध्ये एक निर्णय घ्यावा लागतो. तो निर्णय तुमच्या प्रश्नात मला कुठे दिसला नाही.

तो निर्णय किती मोठा आहे ते बघा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 35.5 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती, 32.1 टक्के वयाच्या मानाने कमी वजनाची होती आणि 19.3 टक्के उंचीच्या मानाने लुकडी होती. एकाच सर्वेक्षणातून, ‘कुपोषण’ या एकाच शब्दाखाली तीन आकडे निघाले, कारण मोजलेल्या गोष्टी तीन आहेत. लुकडेपणा काही आठवड्यांत येतो: जुलाब, गोवर, पावसाळ्यात घरात धान्य नसणं. खुजेपणा गर्भापासून साठत आलेला असतो. आईच्या शिक्षणाचा परिणाम सावकाश, वर्षानुवर्षं होत असतो, म्हणून मी तुमच्या जागी असते तर आश्रयी चल असा लिहिला असता: ‘वयानुसार उंचीचा झेड स्कोअर, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मानकांप्रमाणे’. वजन आणि दंडघेर जोडीला ठेवा, पण मुख्य चल एकच असू द्या.

झेड स्कोअर म्हणजे त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या निरोगी मुलांच्या मध्यक उंचीपासून (सगळ्यांना उंचीप्रमाणे ओळीत उभं केलं तर मधोमध येणारी उंची) हे मूल किती प्रमाण विचलनं वर किंवा खाली आहे. प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप. ही निरोगी मुलं भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतून घेतली होती. उणे 2 च्या खाली खुजं, उणे 3 च्या खाली तीव्र खुजं.

आता एक मुलगा समोर आणा. फळीवर लांबी 70.0 सेंटिमीटर भरली. मानकांप्रमाणे 10 महिन्यांच्या मुलग्यासाठी उणे 2 ची रेषा 68.7 वर आहे आणि 12 महिन्यांसाठी 71.0 वर. म्हणजे तो 10 महिन्यांचा असेल तर ठीक, 12 महिन्यांचा असेल तर खुजा. उंची अचूक मोजली तरी निकाल वयावर फिरला. आणि वय तुम्ही कसं विचारलंत? ‘बाळ केवढं आहे?’ ‘वर्षाचं झालं असेल, ताई.’ या उत्तरातून आलेला 12 हा आकडा आणि जन्मदाखल्यावरच्या तारखेतून काढलेला 12 हा आकडा एक्सेलमध्ये हुबेहूब सारखे दिसतात. तुमच्या वयाच्या रकान्यात 12, 24, 36, 48 या आकड्यांची गर्दी झाली असेल, तर समजा की ही वयं अंदाजाने सांगितलेली आहेत. दाखला नसेल तिथे आम्ही गावाची दिनदर्शिका बनवून नेतो: पोळ्याच्या आधी की नंतर, भाताची लावणी चालू होती का, निवडणूक झाली होती का. आईला तारीख आठवत नाही, पण पेरणी आठवते.

लांबी मोजतानाही असंच. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजायची, त्यावरच्याची उभं करून. त्याच मुलाला झोपवून मोजलं तर उभ्यापेक्षा सरासरी 0.7 सेंटिमीटर जास्त भरतं. झोपवून मोजायला दोन माणसं लागतात. एकाने फळीच्या उशाशी गुडघे टेकून बाळाचं डोकं दोन्ही हातांनी धरायचं, नजर सरळ वर. दुसऱ्याने एका हाताने गुडघे अलगद दाबून पाय सरळ करायचे आणि दुसऱ्या हाताने सरकती फळी तळव्यांना भिडवायची. बाळ रडतं, पाठ कमानीसारखी उचलतं, आई म्हणते ‘राहू द्या ना’, बाहेर पंधरा बायका खोळंबलेल्या असतात. या गडबडीत वाचणारा 72.3 न वाचता 72 म्हणतो किंवा साडेबहात्तर. तुमच्या उंचीच्या रकान्याचे शेवटचे अंक मोजून बघा. 0 पासून 9 पर्यंत प्रत्येक अंक साधारण दहा टक्के वेळा यायला हवा. 0 आणि 5 हे दोनच अंक निम्म्याहून अधिक वेळा आले असतील, तर उंची तुम्ही मिलिमीटरवर मोजलेली नाही, अर्ध्या सेंटिमीटरवर मोजलेली आहे. प्रबंधात तसं स्पष्ट लिहा. परीक्षक त्याचे गुण कापत नाहीत, उलट त्यांचा विश्वास वाढतो.

आता श्रेण्या. मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी 1946 मध्ये नाम, क्रम, अंतराल आणि गुणोत्तर अशा चार श्रेण्या मांडल्या, त्या तुम्हाला पाठ आहेतच. तुमच्याच दंडघेराच्या रकान्यावर त्या कशा चालतात ते दाखवते.

पट्टी डाव्या दंडावर, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध लावली आणि 11.7 सेंटिमीटर वाचलं. ही गुणोत्तर श्रेणी: शून्य खरं शून्य आहे, आणि 15 हे 12 च्या सव्वापट आहे असं म्हणता येतं. आता ती रंगीत पट्टी असेल आणि सेविकाताईंनी वहीत फक्त ‘पिवळा’ लिहिलं असेल (11.5 च्या खाली लाल, 11.5 ते 12.5 पिवळा, त्यावर हिरवा), तर ती क्रमश्रेणी झाली. लालपेक्षा पिवळा बरा, पिवळ्यापेक्षा हिरवा बरा, पण किती बरा ते सांगता येत नाही. 11.6 चं मूल आणि 12.4 चं मूल दोघंही ‘पिवळा’. आणि ‘पिवळा’वरून 11.7 वर परत जायला कुठलंही सॉफ्टवेअर नाही. वरच्या श्रेणीवरून खाली कधीही येता येतं, खालून वर जाता येत नाही. म्हणून शेतात, अंगणवाडीत, दवाखान्यात नेहमी आकडाच लिहून घ्या. गट घरी आल्यावरही पाडता येतात.

सेंटिमीटरमधली उंची गुणोत्तर श्रेणीवर आहे, पण तिचा झेड स्कोअर केला की तो अंतराल श्रेणीवर येतो. झेड स्कोअर शून्य म्हणजे उंचीच नाही असं नव्हे, शून्य म्हणजे मध्यकाइतकी उंची. त्यामुळे उणे 2 चं मूल उणे 1 च्या मुलापेक्षा ‘दुप्पट खुजं’ असं लिहू नका. हे नीट समजायला आपल्याकडे एक छान उदाहरण आहे. शिवराज्याभिषेक इसवी सन 1674 मध्ये झाला, म्हणजे शके 1596. महाराजांचं निधन 1680 मध्ये, म्हणजे शके 1602. शून्य कुठे धरलं यावर वर्षाचा आकडा 78 ने बदलतो, पण दोन घटनांमधलं सहा वर्षांचं अंतर दोन्ही गणनांत तेच राहतं. अंतराला अर्थ आहे, भागाकाराला नाही. अंतराल श्रेणी ती हीच.

अंगणवाडीचा क्रमांक आणि जातप्रवर्गाचा कोड ही नामश्रेणी, इथे आकडा फक्त नावापुरता. यांची सरासरी काढायची नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे, पण सॉफ्टवेअरला नाही. ते निमूटपणे काढून देतं.

आईच्या शिक्षणावर मात्र थांबू या, कारण तुमचा सगळा प्रबंध त्याच्यावर उभा आहे. तुम्ही कोड दिले असतील: 1 निरक्षर, 2 प्राथमिक, 3 माध्यमिक, 4 दहावी पास, 5 बारावी, 6 पदवी. ही क्रमश्रेणी. हिची ‘सरासरी 2.7’ काढली तर तिचा अर्थ कोणालाच लावता येणार नाही. त्याऐवजी मध्यक द्या, आणि प्रत्येक पातळीवर किती आया आहेत ते द्या. ‘किती वर्षं शाळेत गेलात?’ असं विचारलं असेल तर शून्य खरं शून्य, म्हणून वर्षं ही गुणोत्तर श्रेणी. पण इथे एक मेख आहे. वर्षं मोजायची असतील तर गुणोत्तर श्रेणी बरोबर, पण तुम्हाला वर्षं हवी आहेत की आईला आलेली समज, अक्षरओळख, दवाखान्यात बोलण्याचं धैर्य? तिसरीतून चौथीत जाणं आणि नववीतून दहावी पास होणं, दोन्ही एकेक वर्षच. पण दहावीच्या एका वर्षाने अकरावी-बारावीपासून पुढची दारं उघडतात किंवा बंद राहतात. ‘दहावी नापास’ हे आपल्या समाजात वेगळं स्थान आहे, आणि वर्षांच्या मोजणीत ते दहावी पासच्या शेजारी जाऊन बसतं. मी दोन्ही विचारते: वर्षं किती, आणि शेवटची पास केलेली इयत्ता कोणती. शिवाय मराठीतलं एक सोपं वाक्य वाचायला देते. जनगणनेत सात वर्षांवरची जी व्यक्ती कोणत्याही भाषेत समजून लिहू-वाचू शकते ती साक्षर. मात्र तिथे हे विचारून नोंदवलेलं असतं, कोणी वाचून घेतलेलं नसतं. चौथी पास असलेली पण वाक्य न वाचता येणारी आई मला प्रत्येक सर्वेक्षणात भेटली आहे.

घरच्या परिस्थितीसाठी तुम्ही कुप्पुस्वामी मापनश्रेणी वापरली असेल असा माझा अंदाज आहे, कारण आपल्याकडे बहुतेक जण तीच वापरतात. कुटुंबप्रमुखाचं शिक्षण, व्यवसाय आणि कुटुंबाचं उत्पन्न यांचे गुण मिळून 3 ते 29. त्यात 16 ते 25 गुणांचा एकच गट आहे, आणि 15 गुण असलेलं घर त्याच्या खालच्या गटात जातं. म्हणजे 15 आणि 16 वेगळे, 16 आणि 25 सारखे! गट लावण्याआधीचे मूळ गुण जपून ठेवा. आणि ही श्रेणी शहरी कुटुंबांसाठी बनवलेली आहे. दोन एकर कोरडवाहू जमीन, दोन शेळ्या आणि वर्षातून चार महिने ऊसतोडीला जाणारं घर तिच्यात कुठे बसवायचं? मोजपट्टी ज्यांच्यासाठी कापली, त्यांनाच ती बसते.

इथून विश्वसनीयता आणि सप्रमाणता या दोन शब्दांवर येऊ. विश्वसनीयता म्हणजे पुन्हा मोजलं तर तेच येतं का. सप्रमाणता म्हणजे जे मोजायचं होतं तेच मोजलं का.

विश्वसनीय मापन बरोबर असतंच असं नाही, त्याची गोष्ट माझ्याच कामातली. एका अभ्यासात दोन गट दोन काटे घेऊन दोन बाजूंच्या गावांत गेले. विश्लेषणात एका बाजूची मुलं स्पष्टपणे वजनदार निघाली, आणि आम्ही त्याची कारणं शोधू लागलो: पाणी, भात, रस्ता. मग एका सहकाऱ्याने दोन्ही काट्यांवर पाच किलोचं एकच वजन ठेवलं. एक काटा 300 ग्रॅम जास्त दाखवत होता. गावांमधला फरक काट्यातला होता, आणि लिहिलेला अर्धा अहवाल आम्ही फाडला. असा काटा विश्वसनीय असतो, पुन्हापुन्हा तेच दाखवतो, पण चुकीचं दाखवतो. ही एकाच बाजूला झुकणारी चूक, आणि ती मुलांची संख्या वाढवून जात नाही. 240 ऐवजी 2400 मुलं मोजली तरी 300 ग्रॅम तसेच राहतात. तेव्हापासून रोज सकाळी ठरलेलं वजन काट्यावर ठेवल्याशिवाय आम्ही पहिलं मूल घेत नाही. झोळीचं वजन वजा करायचं, हातातले वाळे आणि अंगावरचं जाड झबलं उतरवायचं.

चुकीचा दुसरा प्रकार कधी जास्त, कधी कमी असा येतो. ‘ती सरासरीत भागून जाते’ असं अनेक जण समजतात. अंशतः खरं आहे, आणि नेमकं तुमच्या कामात ते फसवं आहे. समजा तुमच्या मुलांचा खरा सरासरी झेड स्कोअर उणे 1.5 आहे आणि प्रमाण विचलन 1. प्रसामान्य वितरण (मधे गर्दी, दोन्ही टोकांना विरळ, घंटेसारखा आकार) धरलं तर उणे 2 च्या खाली 31 टक्के मुलं येतील आणि उणे 3 च्या खाली सुमारे 7 टक्के. आता ढिसाळ मोजणीमुळे सरासरी जागच्या जागी राहिली, पण प्रमाण विचलन 1.3 झालं. उणे 2 च्या खाली 35 टक्के होतात, आणि उणे 3 च्या खाली 12 टक्क्यांहून थोडे अधिक. एकही मूल जास्त खुजं झालेलं नसताना तीव्र खुज्या मुलांचं प्रमाण पावणेदोन पटींच्या पुढे गेलं. संबंध शोधताना उलटं होतं, चूक संबंध झाकते. चार्ल्स स्पिअरमन यांनी 1904 मध्येच हे दाखवलं होतं. खरा सहसंबंध (दोन चल किती जोडीने बदलतात याचा आकडा, 0 म्हणजे अजिबात नाही, 1 म्हणजे पूर्ण) 0.5 असेल आणि तुमच्या एका मापनाची विश्वसनीयता 0.64 (1 म्हणजे चूक अजिबात नाही), तर हाती येतो 0.4. ‘संबंध नाही’ असा निष्कर्ष काढण्याआधी मापन कसं झालं होतं ते बघा, एवढ्याचसाठी हे सांगते.

सप्रमाणतेचा प्रश्न तुमच्या ‘काल काय खाल्लं’ या रकान्यात आहे. 6 ते 23 महिन्यांच्या मुलांसाठी आठ अन्नगटांपैकी किमान पाच गट, हा मान्य निकष. पण तो ‘काल’ कुठला होता? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर घराघरांत पुरणपोळी, कटाची आमटी, दूध. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर साबुदाणा आणि शेंगदाणे. उत्तरं सगळी खरी, पण त्यातून बाळाचा नेहमीचा आहार कळत नाही. शिवाय एका दिवसाचा आहार हा एका मुलाविषयी फार थोडं सांगतो, गटाविषयी बरंच सांगतो.

एका दिवसाच्या आहारावरून काय म्हणता येतं, हा वाद पुण्यात फार वरच्या पातळीवर झालेला आहे. 1971 मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी माणशी रोज 2250 कॅलरींच्या आधारे दारिद्र्याचा अंदाज मांडला. सातारा जिल्ह्यातून आलेले मोठे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा आक्षेप होता की एकाच निरोगी माणसाची गरजसुद्धा दिवसागणिक बदलते. सरासरी गरजेवर रेषा मारली, तर तिच्या खाली पुरेसं खाणारे निरोगी लोकही सापडतील. सुखात्म्यांच्या निष्कर्षांवर पुढे भरपूर टीका झाली, आणि त्यातली बरीच मला पटते, कारण शरीर जुळवून घेतं म्हणून कमी अन्न चालेल असा अर्थ त्यातून काढला गेला. पण मापनाचा त्यांनी उभा केलेला प्रश्न अजून जिवंत आहे: मोजलेल्या फरकातला किती दोन माणसांमधला, आणि किती एकाच माणसातला?

तिसऱ्या प्रकारचे चल विसरू नका. शिकलेल्या आईचं घर बहुधा थोडं बऱ्या परिस्थितीतलंही असतं. मुलाची उंची मग शिक्षणामुळे की पैशामुळे? परिस्थिती इथे दोन्हींवर परिणाम करते, म्हणून ती विश्लेषणात धरावीच लागते. याउलट आईचं लग्नाचं वय. शिकलेल्या मुलीचं लग्न उशिरा होतं, आणि उशिरा झालेल्या बाळंतपणात बाळाचं जन्मवजन बरं असतं. हा शिक्षणाच्या परिणामाचाच रस्ता आहे, म्हणून याला मध्यस्थ चल म्हणतात. याला ‘स्थिर ठेवून’ शिक्षणाचा परिणाम शोधलात, तर जो परिणाम शोधायचा त्यातलाच एक भाग पुसून टाकाल. दोन्ही रकाने एक्सेलमध्ये सारखेच दिसतात. कागदावर बाण काढल्याशिवाय ते वेगळे करता येत नाहीत.

आता टेस्ट. झेड स्कोअरचे ‘खुजं’ आणि ‘ठीक’ असे दोनच गट करून काय-वर्ग चाचणी (गटांमधल्या संख्यांची तुलना करणारी) लावायचा मोह होईल. तेवढ्यावर थांबू नका. प्रसामान्य चल मध्यावर कापून दोन गट केले तर साधारण एक तृतीयांश मुलं फेकून दिल्याइतकी माहिती जाते. झेड स्कोअर अंतराल श्रेणीवर आहे, तर शिक्षणाच्या गटांनुसार त्याच्या सरासऱ्यांची तुलना प्रसरण विश्लेषणाने (अनोव्हा) करा, आणि नंतर परिस्थिती, मुलाचं वय, लिंग एकत्र धरून प्रतिगमन (रिग्रेशन). गट फार लहान किंवा वितरण फार एकांगी असेल तर क्रुस्कल-वॉलिस, म्हणजे आकड्यांऐवजी त्यांचे क्रम वापरणारी चाचणी. शिक्षणाची पातळी आणि दंडघेराचा रंग, दोन्ही क्रमश्रेणी, तिथे स्पिअरमनचा क्रमसहसंबंध. खुजेपणाची टक्केवारीही द्याच, कारण आरोग्य खात्याला तीच वाचता येते.

एका अंगणवाडीतली वीस मुलं एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत: तीच विहीर, त्याच सेविका, तोच काटा. म्हणून अंगणवाडी हा नामश्रेणीवरचा चल विश्लेषणात आला पाहिजे, नाहीतर तुमच्या 240 ला त्यांच्या खऱ्या वजनापेक्षा जास्त महत्त्व मिळेल. आणि ‘माहीत नाही’साठी 99 लिहिलं असेल तर तो कोड सॉफ्टवेअरला आधी सांगा. आईच्या वयाच्या रकान्यात 99 वर्षांच्या तीन आया मी प्रत्यक्ष पाहिल्या आहेत.

मार्गदर्शकांकडे जाण्याआधी दोन दिवस काढा. एका अंगणवाडीत दहा मुलं पुन्हा मोजा, प्रत्येकाला दोनदा, आणि दुसऱ्या फेरीच्या वेळी पहिल्या फेरीचा कागद झाकून ठेवा. दोन्ही आकड्यांमधले फरक एका तक्त्यात लिहा आणि तो तक्ता सोबत न्या.